भीतीच्या खालची किंमत

यवतमाळ जिल्ह्यातून कापूस बाहेर जातो आणि जुन्या मोटारी आत येतात. हा व्यवहार कुणी ठरवलेला नाही, पण वर्षानुवर्षं नेमानं चालू आहे. मुंबई-पुण्यात पाच-सात वर्षं वापरलेली गाडी नागपूर-अमरावतीच्या एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा बँकेतल्या साहेबाकडे येते. तिथं तिचं वय झालं की यवतमाळला, यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, घाटंजीला, आणि शेवटी एखाद्या खेड्यात. तिथं तिच्या टपावर कॅरिअर बसतं आणि मागच्या सीटवर सरकीच्या ढेपेचं पोतं. दर पायरीला किंमत निम्मी होत जाते. काम मात्र वाढत जातं. पुण्यात ती एका माणसाला ऑफिसला पोचवायची, बाकीचा दिवस सोसायटीच्या आवारात कापडी खोळ पांघरून उभी असायची. दिग्रसला तिच्यात सात माणसं, दोन पोरं आणि लग्नाच्या भांड्यांचा पेटारा मावतो.

आमची मारुती आठशे या उतरणीच्या मधल्या पायरीवर आमच्याकडे आली. १९९८ची, पांढरी, चार गिअरची, कार्बोरेटरवाली, एसी नसलेली. २००९ साली अमरावतीच्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतली. त्यांनी ती इतकी जपली होती की सीटवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. अकरा वर्षं ते घराणं त्या प्लास्टिकवर बसून घामाघूम होत होतं. एनओसी आणली, फॉर्म २९ आणि ३० भरले, मालकाच्या जागी माझं नाव लागलं. नंबर राज्यातल्या राज्यात बदलत नाही म्हणून पाटीवर आजही एमएच २७च आहे. इथल्या एमएच २९च्या गर्दीत पेट्रोल पंपावरचा पोरगा अजून विचारतो, "अमरावतीहून आले का, मॅडम?"

घेण्याआधी दिरांनी यवतमाळहून एक मिस्त्री सोबत नेला होता. आर्णी रोडला त्याचं टिनाचं शेड आहे. तो मास्तरांच्या अंगणात गेला तो रंगाकडे न बघता थेट खाली वाकला. पायपुसण्या उचलून तळाचा पत्रा बोटानं ठोकून पाहिला, डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खोबणीत हात फिरवला, मग ऑईलचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधट चिकटा आहे का ते बघितलं. दुधट असेल तर पाणी ऑईलमध्ये उतरतंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलेलं. सगळं बघून झाल्यावर म्हणाला, "घेऊन टाका ताई. मुंबईची असती तं मी हातही लावला नसता. खारी हवा पत्रा खाऊन टाकते." विदर्भाच्या कोरड्या उन्हाचे गुण गाणारा मला भेटलेला तो एकमेव माणूस. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, डॅशबोर्ड तडकतो, दारांची रबरं बिस्किटासारखी मोडतात; पण पत्रा टिकतो. कोकणातल्या पावसात तिच्या वयाच्या गाडीच्या तळातून रस्ता दिसला असता.

नांदगाव खंडेश्वर, नेर असं करत आम्ही ती घरी आणली. दारात सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली आणि चाकांवर पाणी घातलं. मग त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सीटवरचं प्लास्टिक फाडून काढलं. "गाडी घेतली की फर्निचर?" एवढंच म्हणाल्या. त्या वाक्यावर मी पुढं बराच काळ विचार करत आले आहे.

मारुती आठशेबद्दल लिहायचं म्हणजे 'मध्यमवर्गाचं स्वप्न' वगैरे लिहावं लागतं असा एक रिवाज पडलाय. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या गाडीची चावी दिली, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तीसेक वर्षांत सत्तावीस लाखांच्या आसपास गाड्या, आणि १८ जानेवारी २०१४ला उत्पादन बंद. हे सगळं खरं आहे. पण स्वप्न ज्यांनी पाहिलं ते पहिले मालक. आमच्यापर्यंत ती आली तेव्हा स्वप्न वापरून संपलेलं होतं, खाली उरलं होतं ते एक साधं, मजबूत, दुरुस्त होणारं यंत्र. २०१०मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले तेव्हा तेरा मोठ्या शहरांत तिची विक्री थांबली आणि त्यानंतर ती उरलीसुरली आमच्यासारख्या गावांचीच झाली. मला विचाराल तर ती इथंच जास्त शोभते.

सासूबाईंच्या त्या प्रश्नाकडे परत येते. प्रत्येक वस्तूच्या किमतीत एक रेघ असते असं मला वाटतं. त्या रेघेच्या वर असताना आपण वस्तूला भितो: ओरखडा येईल, डाग पडेल, कुणी मागेल. मास्तरांची गाडी अकरा वर्षं त्या रेघेच्या वर होती. किंमत घसरत घसरत एकदा का रेघेच्या खाली आली, की ती वस्तू वापरायला मोकळी होते. आणि भीती एकट्या मालकाची जात नाही, आजूबाजूच्या सगळ्यांची जाते. हा त्यातला खरा भाग. शेजारी नव्या गाडीची चावी मागत नाहीत. आमच्या गाडीची चावी दाराआड खिळ्याला टांगलेली असते आणि 'नेऊ का' हे विचारणं बहुतेक वेळा गाडी चालू झाल्यावर होतं.

तिची कामं मोजायला बसले तर यादी होईल, ती टाळते. पण दोन-तीन सांगितल्याशिवाय राहवत नाही. यवतमाळला ब्रॉडगेजची मुख्य लाइन नाही. मुंबईची गाडी पकडायची तर बाभूळगाववरून धामणगाव रेल्वे गाठावं लागतं. त्यामुळे आमच्या गल्लीतलं कुणीही शिकायला, मुलाखतीला किंवा नोकरीला गेलं तर ते बहुधा आमच्या गाडीतून करळगाव घाट उतरून गेलं. घाटात उतरताना ती तिसऱ्या गिअरमध्ये कण्हते. येताना, सोडायला गेलेले लोक गप्प असतात आणि ती एकटीच बोलत असते.

गाडी चालवायला शिकणं हे तिचं दुसरं मोठं काम. समता मैदानावर, ज्याला आम्ही अजून पोस्टल ग्राउंडच म्हणतो, माझी मुलगी शिकली, पुतणे शिकले, समोरच्या डॉक्टरीणबाई शिकल्या, आणि वयाच्या पन्नाशीत माझी जाऊ शिकली. जाऊबाईंनी क्लच सोडताना दिलेले झटके आठवले की अजून पोट दुखतं. त्यांच्या घरी तेव्हा नवी कोरी गाडी उभी होती. तिच्यावर शिकायची परवानगी त्यांना नव्हती. खरं तर त्यांनी ती मागितलीच नव्हती. आमच्यात बसल्या आणि म्हणाल्या, "हिला धडकवली तरी कोणी रागावणार नाही ना?" नाही म्हटलं. त्या महिन्याभरात शिकल्या. आता भाजीबाजारात नव्या गाडीनं जातात.

२०१७च्या पावसाळ्याच्या शेवटाला जिल्ह्यात काय झालं ते महाराष्ट्रानं वाचलेलं आहे. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळी आवरत नव्हती, आणि फवारणारे लोक औषधाच्या ढगात तोंड घालून चालत होते. वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात आले. दारव्ह्याच्या बाजूला आमचं शेत आहे. शेजारच्या धुऱ्यावरचा एक मजूर संध्याकाळी चक्कर येऊन पडला, तोंडाला फेस, डोळ्यांना दिसेना. दीर त्या दिवशी योगायोगानं गाडी घेऊन शेतावर होते. अंगावरचे कपडे तिथंच काढून, त्याला बादलीभर पाण्यानं धुवून, ओल्या अंगानं मागच्या सीटवर आडवं टाकलं आणि यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तो वाचला. सीटला औषधाचा आणि ओकारीचा वास महिनोन्महिने होता. आम्ही शेवटी सीटचं कापडच बदललं. तोवर गाडीत बसणाऱ्या प्रत्येकानं काच खाली केली, पण कुणी तक्रार केली नाही. मी कधी कधी विचार करते, धुऱ्यावर त्या संध्याकाळी चकचकीत गाडी उभी असती तर? दिरांनी तरीही नेलंच असतं, त्याबद्दल शंका नाही. पण त्या मजुराच्या बायकोनं सीटकडे बघून एक क्षण मागं-पुढं केलं असतं, पदर अंथरायला गेली असती. त्या दिवशी तिनं ते केलं नाही, सरळ आत घुसली.

आता एवढं सगळं करणाऱ्या यंत्राला काय लागतं? आमच्या मिस्त्रीचं उत्तर एका शब्दाचं आहे: पाणी. "इंजिन मरत नाई ताई, मानूस त्याले मारते. पाण्याकडं पाहत जा." रेडिएटरची पातळी, पंख्याचा बेल्ट, होजपाइपच्या चिमट्या. हेड ॲल्युमिनियमचं, पाणी संपून एकदा तापलं की ते वाकतं, गॅस्केट फुटतं, आणि मग हजारांचं काम निघतं. उन्हाळ्यात मी पाण्याची पाच लिटरची कॅन डिकीत ठेवते, आणि तिच्यातलं अर्धं पाणी रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या गाड्यांना जातं. टायमिंग बेल्ट वेळेत बदलायचा, कारण तो सूचना देऊन तुटत नाही. बारा इंची टायरं झिजून जायच्या आधी उन्हानं तडकतात, म्हणून नक्षी बघून फसायचं नाही, बाजूची भिंत बघायची. कार्बोरेटर दर काही महिन्यांनी उतरवून पेट्रोलनं धुवायचा, जेटमधून हवा मारायची. हे काम मिस्त्रीनं मला करायला शिकवलं. पहिल्यांदा सगळं खोलून परत बसवलं तेव्हा एक स्प्रिंग हातात उरली होती. तो म्हणाला, असू द्या, कंपनीनं जास्तीची दिली असेल. आणि मग हसत परत खोलायला बसला.

इंजिनातला आवाज कुठून येतो हे बघायला तो लांब पेचकसाचं टोक ब्लॉकला टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. मीही तसं करून पाहिलंय. एका जागी टपेटचं टकटक, दुसऱ्या जागी पाण्याच्या पंपाची बारीक किरकिर. बाहेरून जो एकच गोंगाट वाटतो त्यात इतके वेगळे आवाज नांदत असतात हे कळल्यावर मला गाडी चालवणं आवडायला लागलं. आधी मी फक्त पोचायची.

अशी दुरुस्ती जोवर आहे तोवर गाडी आहे. या जिल्ह्याला त्याचा जुना अनुभव आहे. आमची शकुंतला, मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, इंग्रजी अमलात एका खासगी कंपनीनं वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला बांधली. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलं, म्हणजे ज्या गावच्या गिरण्या कापसावर पोसल्या त्याच गावचं. १९२३पासून १५ एप्रिल १९९४पर्यंत ते चाललं. सत्तर वर्षं! ते आलं तेव्हा नवंच होतं, म्हातारं इथं झालं, आणि इतकी वर्षं त्याला चालवत ठेवणारे हात या पट्ट्यातल्याच लोकांचे होते. दारव्हा मोतीबागच्या स्टेशनवर लहानपणी मी ते बघितलंय. ड्रायव्हर उतरून एका हातानं ऑईलची कुपी कुठल्या कुठल्या सांध्यात ओतत फिरायचा आणि दुसऱ्या हातात चहाची बशी. गाडी वेळेवर पोचल्याचं कुणाला आठवत नाही. बंद पडली तर लोक उतरून शेतातून हरभरा आणायचे.

वस्तू स्वस्त झाली की भीती जाते असं म्हटलं, पण अलीकडे ती दुसऱ्या दारानं परत आली आहे. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. फॉर्म २५ भरायचा, पर्यावरण कर भरायचा, निरीक्षकापुढे गाडी उभी करायची. नूतनीकरणाचं शुल्क पूर्वी सहाशे रुपये होतं, १ एप्रिल २०२२पासून पाच हजार झालं, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. आमचा मागचा फेरा २०२३ला पाच हजारात निभावला, पुढचा २०२८ला. भंगारवाला गाडीचे देतो त्याच्या निम्म्या रकमेइतका तो नुसता कागद असेल. दिल्लीत तर पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायलाच बंदीचा आदेश झाला, आणि तिथून एनओसी घेतलेल्या गाड्या देशभर पांगल्या. उतरणीच्या वरच्या टोकाला नियम कडक झाला की खालच्या टोकाला आवक वाढते. आमच्याकडे डीएल पाटीच्या गाड्या दिसायला लागल्या त्या त्यामुळेच.

सरकारचा यात दोष आहे असं मी सरसकट म्हणणार नाही. कार्बोरेटरची गाडी नव्या गाडीपेक्षा घाण धूर सोडते, हे नाकारून चालणार नाही. सकाळी चोक ओढून चालू केली की मलाच खोकला येतो. तिला एअरबॅग नाही, पत्रा पातळ आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, जिथं पांढरकवड्यापाशी कंटेनरच्या रांगा लागतात, तिथं मी तिला नेत नाही आणि कुणाला नेऊही देत नाही. तो तिचा रस्ता नव्हे. पण वय मोजायची सरकारची पद्धत मला एकांगी वाटते. नोंदणीच्या तारखेवरून गाडी म्हातारी ठरवायची, तर आमची म्हातारी आहेच. पण वर्षाकाठी ती जेवढी चालते तेवढी नागपूरची टॅक्सी एका महिन्यात चालते. एक गाडी घडवायला जे लोखंड, जो कोळसा, जी वीज लागली ती सगळी १९९८लाच खर्च झाली. त्या खर्चाची वसुली अजून चालू आहे, हे कुठल्याच फॉर्मात भरायला जागा नाही.

१ एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवायची, त्यात आमचीही आली. पाटीवर होलोग्राम, लेझरनं कोरलेला क्रमांक, एकदा बसवली की न निघणारं कुलूप. आणि गाडीचं डाव्या बाजूचं दार आमच्या गोदरेजच्या कपाटाच्या किल्लीनंही उघडतं. पाटी चोरायला येणाऱ्या चोरानं गाडीच घेऊन जावी, ते सोपं पडेल.

नवीन दुखणं पेट्रोलचं आहे. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. उमरखेड-महागावच्या बाजूला ऊस पिकतो, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात इथेनॉलला नावं ठेवणं अवघड. दिरांसमोर तर मी विषयच काढत नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला खातं. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की टाकीच्या तळाशी ओल धरते. मिस्त्रीनं पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलून नव्या जातीच्या टाकल्या, कार्बोरेटरचं किट बदललं, आणि सल्ला दिला, "उभी नका ठेवू. चालवत राहा, नाई तं कोणाले देत जा." गल्लीत ही बातमी ताबडतोब पसरली. तेव्हापासून लोक गाडी मागताना माझ्यावर उपकार केल्याच्या थाटात मागतात.

भाच्यानं मागच्या वर्षी नवी गाडी घेतली. मोठा पडदा, मागचं दाखवणारा कॅमेरा, दार नीट लागलं नाही तर बोलते. बॉनेट उघडून दाखव म्हटलं तर आत काळ्या प्लास्टिकचं एक मोठं झाकण होतं, त्यावर कंपनीचं नाव. इंजिन कुठंय हे विचारावं लागलं. आमचा मिस्त्री त्या झाकणाकडे बघून मागं सरकला. त्याचा मुलगा नागपूरला त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप जोडून दोष शोधायचं काम करतो, चांगला पगार आहे, बापाच्या शेडमध्ये तो परत येणार नाही. २०२८चे दहा हजार मी भरीन की नाही याचा निकाल माझ्या मते आरटीओत लागायचा नाही, त्या टिनाच्या शेडमध्ये लागेल. मिस्त्रीच्या गुडघ्यांनी साथ दिली तर भरीन.

तूर्त ती वणीला चालली आहे. दिरांच्या मुलाच्या मित्राच्या बहिणीचं लग्न, नातं एवढं लांबचं आहे की मी ते दोनदा विचारून घेतलं. चावी देताना जे सांगावं लागतं ते कुठल्या पुस्तकात नाही, तोंडीच सांगावं लागतं, आणि घेणारा 'हो काकू, हो काकू' करत अर्धं विसरतो. सकाळी चोक पूर्ण ओढ, चालू झाली की हळूहळू सोड. दुसरा गिअर पडत नसेल तर क्लच दोनदा दाब. पेट्रोलच्या काट्यावर जाऊ नको, तो कायम अर्ध्यावर असतो. इथूनच पाचशेचं टाक. मारेगावच्या पुढं कोळशाचे ट्रक असतात, त्यांच्या मागं राहा, ओव्हरटेकच्या भानगडीत पडू नको. डावी मागची काच हातानं धरून वर घ्यावी लागते. नवरी बसणार असेल तर पुढं बसव, मागं साडीला ग्रीस लागेल.

"आणि वायपर, काकू?"

"वायपर दिवाळीनंतर. पाऊस लागला तर थांब कुठंतरी, चहा पी."